तिसऱ्या कप्प्याची गिऱ्हाइकं

गोव्यात, मांद्र्याच्या तिठ्यावर विनिताची फार्मसी आहे. दुकान लहान, पण नीटनेटकं. बाकीची औषधं तिथे इतर दुकानांसारखीच लावलेली असतात, कंपन्यांच्या नि आद्याक्षरांच्या हिशेबानं. डाव्या हाताचं एक कपाट तेवढं विनितानं स्वतःच्या मनासारखं लावलंय. माणसाच्या कातडीवर, पोटात नि रक्तात फुकटचं बिऱ्हाड थाटून बसणाऱ्या जीवांवरची औषधं त्या कपाटात असतात. पुस्तकात त्या जीवांना परजीवी म्हणतात. विनिता त्यांना पाहुणे म्हणते, आणि कसले पाहुणे ते तिच्या सुरावरून कळतं.

वरच्या कप्प्यात एकाच पेशीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांची औषधं. मलेरियाच्या गोळ्या तिथे, आणि आंव पडते तेव्हाच्या गोळ्याही तिथेच. मधल्या कप्प्यात जंतांची. लांब, गोल, चपटे, सगळ्या जातींचे जंत. खालच्या, तिसऱ्या कप्प्यात कातडीवर नि केसांत राहणाऱ्यांची: उवांचं औषध, खरजेचं मलम. कुणी विचारलंच तर विनिता सांगते, "ही वाटणी माझी नव्हे, जगभर अशीच करतात." कुणी विचारत नाही हा भाग वेगळा.

कारण लोकांची स्वतःची वाटणी तयार असते. लोक जीव बघत नाहीत, त्याची जागा बघतात. पोटात आहे ना, मग तो जंत. देवकीमावशी म्हणजे पलीकडच्या वाड्यावरची, फुलं विकणारी बाई. ती दर पावसाळ्यात पोट धरून येते आणि म्हणते, "विनिता, आंव पडता गो. जंताची गोळी दी."

"मावशी, आंव पडता ती जंतान नव्हे. त्या गोळयेन काय जावचा नाय. डॉक्टराक दाखय."

"पोटातच आसा मगे तो?"

"तो खंय रवता ता बघू नको. तो कोण ता बघ."

देवकीमावशी मान हलवते, डॉक्टरकडे जाते, बरी होते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जंताचीच गोळी मागते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हा खेळ विनितानं दुकान उघडल्या दिवसापासून बघितलाय. ती चिडत नाही. चिडायचं असतं तर तिनं दुकान घातलंच नसतं, असं तिचा नवरा प्रज्योत म्हणतो.

विनिताचं माहेर कारापूरचं. पणजीला फार्मसीची पदविका केली, म्हापशाच्या एका दुकानात काही वर्षं नोकरी केली, लग्न होऊन मांद्र्याला आली. प्रज्योत वीजखात्यात. घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती, तिथे दुकान झालं. म्हापशाच्या दुकानात तिला एक गोष्ट कळली होती, जी पदविकेच्या पुस्तकात नव्हती. या तीन कप्प्यांची गिऱ्हाइकंही तीन जातींची असतात. मलेरियाचा माणूस मोठ्यानं बोलतो. त्याला आपल्या तापाचा थोडा अभिमानच असतो. जंताच्या गोळीला आलेली बाई पोराला पुढे करते, हा बघा, दात खातो, गोड खातो, ऐकत म्हणून नाही. तिसऱ्या कप्प्याचं गिऱ्हाईक मात्र आत येत नाही. ते बाहेर छत्री झाडत उभं राहतं, दुकान रिकामं व्हायची वाट बघतं, मग आत येऊन आधी दुसरंच काहीतरी मागतं. खोकल्याची गोळी, बँडेज. निघता निघता आठवल्यासारखं करून हळूच विचारतं. आणि विचारतं ते कधीही स्वतःसाठी नसतं.

हे ओळखून विनितानं आपला एक नेम ठरवला होता. काउंटरवर बोललेलं काउंटर ओलांडून जायचं नाही. प्रज्योतलासुद्धा नाही. ह्या नेमामुळेच तिचं दुकान चालतं, औषधं काय, म्हापशालाही मिळतात.

ह्या श्रावणात तो नेम तिच्याच तोंडानं मोडला.

गणपतीची चवथ जवळ आली होती. देवळाच्या सभामंडपात दुपारी फुगड्यांची तालीम चालायची. मांद्र्यातल्या बायकांचा हा गट चांगला नावाजलेला. पेडण्यात कुठेही स्पर्धा असली आणि हिरव्या नऊवारीतल्या ह्या बायका बसमधून उतरताना दिसल्या की बाकीचे गट कपाळाला हात लावतात. गटाची म्होरकी शालिनीकाकी. गळा खणखणीत, शिस्त त्याहून खणखणीत. विनिता गाण्यात तिला साथ देते. देवकीमावशी आहे, विनिताच्या शेजारची सुविधा आहे, आणि यंदा नवी आलेली समीक्षा होती. तेरेखोल नदीच्या पलीकडच्या आरोंद्याची मुलगी, लग्न होऊन आलेली, किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाऊसमध्ये खोल्या आवरायचं काम करणारी. चक्रफुगडीत ती अशी गरगरायची की शालिनीकाकीसुद्धा गाणं विसरून बघत राहायची.

ही समीक्षा एका सकाळी दुकानात आली. दुकान भरलेलं. पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव पिशवीत घेऊन सुविधाही उभी. समीक्षानं छत्रीबित्री काही झाडली नाही. सरळ काउंटरवर हात ठेवला, बोटं फाकवली.

"वैनी, ह्या काय झाला बघा मां. रातचा झोपाक देयना."

बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आणि तांबूस रेघा. विनिता दुसऱ्याचं औषध पाकिटात भरत होती, बघितलं आणि मान वर न करता बोलून गेली, "खरूज दिसता. आरोग्य केंद्रात दाखय, डॉक्टर मलम लिवन देतले."

साधं बरोबर वाक्य. समीक्षाही तितक्याच साधेपणानं "बरा" म्हणून गेली. विनितानं मान वर केली तेव्हा सुविधानं उंड्यांची पिशवी छातीशी धरली होती आणि ती काउंटरपासून दोन पावलं मागे सरकली होती. आपण काय केलं ते विनिताला त्या क्षणी कळलं. आता जीभ चावून उपयोग नव्हता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यावर झालं. गेस्टहाऊसच्या चादरींतून आलं म्हणे, विदेश्यांच्या अंगावरचं. तिच्या गावाकडचंच असेल म्हणे. विनिता भेटेल तिला सांगत सुटली की सीझन मे महिन्यात संपला, खोल्या बंद आहेत, आणि हा किडा माणसाच्या कातडीपासून दूर दोन-चार दिवसांच्या वर जगत नाही. पण गावाला एकदा माणूस सापडला की पुरावा कोण मागतो! तालमीला समीक्षा आली तेव्हा शालिनीकाकी म्हणाली, "तू आज बस, बाय. बरी जाल्यार मगे बघूया." समीक्षा कडेच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. टाळ्या वाजवून ताल धरत राहिली, आपण अजून गटात आहोत असं दाखवायला.

आणि इकडे विनिताच्या दुकानाबाहेर छत्र्या झाडायला सुरुवात झाली.

पहिली आली सुविधा. खोकल्याची गोळी घेतली आणि मग म्हणाली, "घोवाक खाज येता गो. काय तरी मलम दी." नाव नवऱ्याचं, पण पदराखाली तिचाच हात चालला होता. देवकीमावशी आली ती कुत्र्यासाठी मलम मागायला. देवकीमावशीकडे कुत्रा नाही. एकीनं गजकर्णाचं मलम आणून लावलं होतं, आणि ते तर मुळात ह्या कपाटातलंच नव्हे, बुरशीचं औषध. आणखी एकीनं जंताची गोळी खाल्ली होती, पोटातला मरतो तर अंगावरचाही मरेल म्हणून. विनिता प्रत्येकीला समजावून डॉक्टरकडे धाडत होती. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन कोणी आली की मलम देत होती, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावा, रात्रभर ठेवा, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा, आठवड्यानं पुन्हा लावा, असं सांगत होती. बाया "हो हो" म्हणत होत्या आणि घरी जाऊन चोरून एकटीच्याच बोटांना लावत होत्या. दुसऱ्या दिवशी तालमीत पुन्हा एकमेकींचे हात धरत होत्या. आज एकीचं गेलेलं उद्या दुसरी तिला परत करत होती.

शेवटी एका भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, शालिनीकाकी आली. म्हापशाच्या भाचीसाठी मलम हवं होतं. पैसे देताना तिचा हात पुढे आला. बेचक्यांतल्या रेघा जुन्या होत्या, सुकून काळ्या पडलेल्या, वर नव्या उठलेल्या. समीक्षाच्या हातावर पहिला पुरळ उठला त्याच्या कितीतरी आधीच्या. विनितानं बघितलं. तिनं बघितलं हे काकीनंही बघितलं.

"भाचयेक सांग, सगळ्यांनी एकदम लावक जाय," विनिता म्हणाली.

"सांगतंय," शालिनीकाकी म्हणाली, आणि पदर हातावर घेऊन निघून गेली. त्या दिवशीच्या तालमीतही तिनं समीक्षाला बाकावर बसवलं, आणि ह्यावेळी आवाज जरा जास्तच चढवून.

विनिताला राग आला. खरा राग, पोटातून आलेला. चारचौघांत उठून म्हणावं, काकी, दाखव तुझे हात! पण तिनं तोंड मिटून घेतलं. एकदा ते तोंड उघडलं होतं, त्याचं फळ बाकावर बसून टाळ्या वाजवत होतं. त्या पोरीनं काय गुन्हा केला होता? जे बाकीच्या पदराखाली झाकत होत्या ते तिनं उघड्यावर विचारलं, एवढाच. आणि आता तालमीपुरतंही राहिलं नव्हतं. गेस्टहाऊसच्या मालकिणीनं तिला सांगून ठेवलं होतं, सीझन सुरू होईपर्यंत हे मिटलं नाही तर दुसरी बाई बघावी लागेल. ही बातमी सुविधानंच दुकानात आणली, वर हळहळलीसुद्धा.

विनितानं आधी सरळ मार्ग करून बघितला. तालमीआधी सगळ्यांना बसवून म्हणाली, "पावसात खरजेची साथ येता. कोणाक आसा, कोणाक नाय ह्या बघूचा नाय. हो किडो अंगाक लागल्यार खाज यायसर कितकेशेच दिस जातत, तोवर कळनासुद्दा. आपण सगळी एकदम औषध लावया."

"आमका कित्याक?" शालिनीकाकी म्हणाली. "जेका झाला तेना लावूचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर गटातली प्रत्येक बाई लक्षाधीश होऊन बसली होती.

मग गोल धरायची वेळ झाली. सुविधानं सवयीनं विनिताचा हात धरायला आपला हात पुढे केला. विनितानं आपला हात मागे घेतला.

"माझो हात धरू नको," ती म्हणाली. "माका खरूज आसा."

हे वाक्य तिनं ठरवून ठेवलं नव्हतं. तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. विनिताला खरूज नव्हती. दिवसातून दहादा साबणानं हात धुवायची तिची सवय, पावसात बोटं लाल होऊन सोलवटतात, तेवढंच. पण शालिनीकाकीनं पुढे येऊन, चष्मा वर करून तिची लाल बोटं बघितली आणि तिच्या तोंडावर जे काही पसरलं त्याला सुटका म्हणतात.

"केदनाची?"

"कोण जाणां. जायते दिस जाले. तुमका कोणाक खाजता जाल्यार ती माझ्याच हातान लागली आसतली. सगळ्यांचो हात धरतंय मां मी."

मग सुविधा म्हणाली, "तरीच! माका पण उल्ली उल्ली खाजता." देवकीमावशीनं हात पुढे केले. तिच्या मागून आणखी एक. एक चोर सापडला की बाकीचे सगळे साव होतात, तसं झालं. खरूज असणं ही लाज राहिली नाही, विनितानं केलेला अन्याय झाला. पाच मिनिटांत सभामंडपात अशी खाजवाखाजवी सुरू झाली की देवळाच्या भटजींनी आतून डोकावून बघितलं. शालिनीकाकीनं सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश, दोन्ही हात उघडले. "मेल्या फार्मसीवाल्यांका स्वताचा कळना," असं पुटपुटलीसुद्धा.

पुढचं सोपं होतं. सगळ्या जणी एकदम आरोग्य केंद्रात गेल्या, घोळक्यानं, जणू पिकनिकला. डॉक्टरनं तपासून बहुतेकींना मलम लिहून दिलं. एकीला हातभर जखमा होत्या, तिला सोबत गोळी दिली. ही गोळी विनिताला नेहमी घोळात पाडते. आयव्हरमेक्टिन. पुस्तकाप्रमाणे ती जंतांच्या कप्प्यातली, आणि कामाला येते खालच्या कप्प्याच्याही. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे, तशी. "पोटातल्याची गोळी अंगाक कशी गो?" असं देवकीमावशीनं बरोबर त्याच वेळी विचारलं, आणि इतकी वर्षं शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं.

ठरलेल्या गुरुवारी गटातल्या सगळ्या घरांत, नवरे, सासवा, पोरं धरून, मानेपासून पायापर्यंत मलम लागलं. श्रावणात कपडे सुकवायला ऊन कुठलं! म्हणून चादरी-कपडे कढत पाण्यातून काढले, जे काढता आले नाहीत ते प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून ठेवले. विनितानं प्रज्योतच्या हातात मलम ठेवलं तेव्हा तो म्हणाला, "तुका खंय खाजता? मी एकाच घरात रवतंय मां?"

"तू गप लाव," विनिता म्हणाली.

लाजेचं गाठोडं मात्र तिच्या दारात येऊन पडलं ते पडलंच. लोक सुटे पैसे हातात घेईनात. "थंयच दवर," म्हणायचे, काउंटरकडे बोट दाखवून. जुनी गिऱ्हाइकं तापाची गोळीसुद्धा म्हापशाहून आणू लागली. तिठ्यावरच्या चहावाल्यानं तिच्यासाठी कागदी ग्लास सुरू केला. विनिताला हे लागलं. लागत नाही म्हणणं खोटं ठरेल. पण मनातल्या मनात ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासून बघायची, आणि ती जागेवर होती: समीक्षाचं नाव आता कुणी घेत नव्हतं. गेस्टहाऊसच्या मालकिणीनं तिला बोलावून पडदे धुवायला दिले होते. शालिनीकाकीनं तिला निरोप धाडला होता की उद्यापासून बाकावर नको, गोलात ये.

आठवड्यानं दुसऱ्यांदा मलम लावायचं होतं. समीक्षा ते घ्यायला आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिचे हात बरे होत आले होते. अजून थोडे दिवस खाज राहील, घाबरू नको, किडा मेला तरी खाज लगेच जात नाही, असं विनितानं सांगितलं. समीक्षा ऐकून घेत होती. मलम पिशवीत घातल्यावरही ती गेली नाही.

"वैनी, एक इचारू?"

"इचार मगे."

"त्या दिसा मी हात दाखवलंय, तुमी सगळ्यांसमोर मोठ्यान बोललात. तेव्हा तुमच्या हाताक खरूज होतीच ना?"

विनितानं मलमाचं खोकं कपाटात मागे सरकवलं.

"होती," ती म्हणाली.

"म्हणजे तुमच्याकडसून माका लागली, आणि नाव माझा भायर काढलात." समीक्षाचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. "माझी सासू माझा ताट वायला ठेवी होती. घोव भायर सोप्यार निजा होतो. मी रोज थंय बाकार बसलंय, आणि तुमी थंयच उभ्या रवन गाणी म्हणा होतात. एक शब्द आधी बोलला असता तर तुमचा काय गेला असता?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून लगेच दुसरा प्रश्न आला असता, मग कुणाची होती? त्या प्रश्नाचं उत्तर काउंटरच्या ह्या बाजूचं होतं. आणि पोरीच्या बोलण्यातलं निम्मं तर खोटंही नव्हतं. मोठ्यानं बोलणारी विनिताच होती, आणि इतके दिवस उभी राहून गाणी म्हणणारीही तीच.

"चुकला माझा," विनिता म्हणाली.

समीक्षानं पैसे काउंटरवर ठेवले. हातात दिले नाहीत. छत्री उघडून गेली.

दुपारच्या तालमीला सगळ्या जमल्या. कितीतरी दिवसांनी गट पुरा झाला होता, बायका खुशीत होत्या. शालिनीकाकीनं जागा लावल्या. समीक्षाला तिनं विनिताच्या उजव्या हाताला उभं केलं, बुटकी-उंच जोडी बरी दिसते म्हणून. विनितानं हात पुढे केला. समीक्षानं तो बघितला, मग ती गोल ओलांडून पलीकडे गेली आणि शालिनीकाकीच्या शेजारी उभी राहिली. काकीचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वैनीच्या बाजूक नको माका," ती हसून म्हणाली. "तुमच्याकडेच बरा, काकी."

शालिनीकाकीनं विनिताकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसलं, पण तिनं हात सोडवून घेतला नाही आणि तोंडही उघडलं नाही. समीक्षानं तो हात आणखी घट्ट धरला. विनिताला साथ द्यायची होती. काकीला पहिली ओळ सुचेना, म्हणून मग विनितानंच गाणं सुरू केलं आणि गोल फिरू लागला.